झोपलेली आंबुशी

सांगलीच्या स्टँडवरून एसटी हलली तेव्हा आईने खिडकीतून एक पुडकं माझ्या मांडीवर टाकलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले शोभेच्या आंबुशीचे कांदे होते, करंगळीच्या पेराएवढे. उन्हाळ्यात त्यांचं काय करायचं ते ती गाडीबरोबर चालत सांगत होती. मी रडत होते, एक अक्षर ऐकलं नाही. आणीबाणी उठली त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि ह्यांना देवासच्या कारखान्यात नोकरी लागली.

तुम्ही सांगलीत राहिलेले आणि माझ्यासारख्या माळव्यात आलेल्या, दोघांनाही हे सांगते आहे, कारण पत्रांतून मी कधी कुणाला खरं कळवलं नाही.

क्वार्टरच्या खिडकीत आंबुशी झकास आली. जांभळी तीन-तीन पानं, संध्याकाळ झाली की छत्रीसारखी मिटायची. हे डबल शिफ्ट करायचे. दुकानात हिंदी बोलताना माझी बोबडी वळायची, त्यामुळे दिवसभर बोलायला ती कुंडीच. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. आईला लिहिलं, आंबुशीला फुलं आली, मी इथे छान रमले आहे.

त्याच उन्हाळ्यात पानं माना टाकू लागली. मी घाबरले. नळ दिवसाआड यायचा, तरी माझ्या वाटचं पाणी तिला दोन्ही वेळा घालत होते. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "इत्ता पानी मत दो, ये सो री है. गल जाएगी." पण माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. शेवटी माती उकरली तर कांद्यांचा चिखल झालेला. पत्रांत मात्र आंबुशी फुलतच राहिली.

पुढच्या मे महिन्यात आई आली. कुंडीत नुसती माती बघून थबकली. मी भाभींचं वाक्य मराठीत करून सांगितलं, झोपली आहे. आईला पटलं. तीन आठवडे ती कुंडी सावलीत सरकवत राहिली, कुणाला पाणी घालू देईना. माझा जीव टांगणीला. निघायच्या आदल्या दिवशी तिने मातीत बोटं घातली, पार तळापर्यंत.

"इथे काही नाही गं," ती म्हणाली. "रमलीस हे तरी खरं का?"

मी हो म्हटलं. तिने हात धुतले आणि पिशवी भरायला घेतली. त्या 'हो'चा मला अजून राग येतो. नाही म्हटलं असतं तर निदान तिच्या कुशीत रडता आलं असतं.

आता सांगलीला आले की चार दिवसांत मला घरची ओढ लागते, आणि ते घर देवासला असतं. पोह्यांवर शेव नसली तर घास उतरत नाही. नळावर मी भाभींच्या वरताण भांडते, तेही हिंदीत. रमले, अगदी खरी रमले. पण त्याला आठ वर्षं लागली, आणि आई सहाव्याच वर्षी गेली.