साडूभाऊ आणि दोरीची नोंद

अख्ख्या चिखलीत माझ्या साडूंइतका उत्साही माणूस दुसरा दाखवा, मी मिशा उतरवून देईन. चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटीला आहेत आणि माल नापास करायची सवय घरीही सुटत नाही. भाकरीला पापुद्रा आला नाही की ताटाशेजारी लाल टॅग. माझ्या लेकीच्या बारशाला त्यांनी पाळणा हलवून, कड्या ओढून पाहिल्या, खडूनं 'ओके' लिहिलं आणि मगच बाळाला आत ठेवू दिलं. बायका वैतागल्या, पण तो पाळणा आजतागायत कुरकुरलेला नाही.

असा माणूस इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाला भिडला. झालं असं, त्यांचे उस्ताद म्हणजे जुने फोरमन. निवृत्तीनंतर त्यांनी 'दोरी' नावाचा प्रोग्राम लिहिला. ज्या जुन्या लेथ मशिनांपुढे बनवणाऱ्यांनीच हात टेकले, ती साध्या लॅपटॉपवरून चालवणारा. कोड सगळ्यांना खुला, कुणीही घ्यावा, सुधारावा. चिखलीतल्या कितीतरी वर्कशॉपच्या शेडमध्ये आज दोरी चालते, पण ती कुणी लिहिली हे कुणाच्या गावीही नाही. उस्ताद वारले तेव्हा साडूंनी ठरवलं, ज्ञानकोशात दोरीची नोंद करायची आणि तीत उस्तादांचं नाव राहिलं पाहिजे.

नोंद टाकली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या डोक्यावर पट्टी आली: विषय दखल घेण्याजोगा आहे हे सिद्ध करा, नाहीतर नोंद काढू. दुसरा कुणी हिरमुसला असता. साडूंचा हरखून फोन, "राव, ऑडिट लागलं आपल्याला!" ऑडिट म्हटलं की यांच्या अंगातच येतं. आणि पुरावा म्हणजे सहीशिक्क्याचा कागद, एवढंच त्यांना ठाऊक. सलग चार रविवार मला स्कूटरवर मागे बसवून ते शेड पालथ्या घालत होते. एक म्हातारे मालक, मूळचे इथलेच, म्हणाले, "दोरी व्हय? तिच्याबिगर माझं मशीन हालत न्हाई. पर कुनी केली ते काय ठावं न्हाई." साडूंनी तेच लेटरहेडवर लिहून घेतलं, शिक्का घेतला आणि वाळेपर्यंत फुंकर घातली. मीही असा पेटलो होतो की शिक्का पुसट उठला तर दुसरा मारायला लावायचो.

सदतीस दाखले चढवले. संपादकाचं उत्तर नम्र होतं. काम उपयोगी दिसतं, पण वापरणाऱ्यांचे दाखले चालत नाहीत, कुणा त्रयस्थानं छापून लिहिलेलं हवं. नोंद काढली गेली. मी त्या संपादकाला चार शब्द सुनावणार होतो, पण साडूंनी अडवलं. "नियम बरोबर आहे त्यांचा. उद्या कुणीही शिक्के गोळा करून आणील. आपली माणसं दोरी वापरतात हो, तिच्यावर लिहीत नाहीत." मग त्यांनी दाखल्यांची फाईल बांधून कपाटावर टाकली. साडूंनी काही असं अर्धवट सोडलेलं मला बघवत नाही.

म्हणून मीच दोरीवर हे लिहिलं आणि छापायला देण्याआधी त्यांच्या हातात ठेवलं. पेन्सिल घेऊन त्यांनी ओळ न् ओळ तपासली आणि वर लाल टॅग लावला. "तुम्ही माझे साडू. त्रयस्थ कसले? नापास."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला, तर ते सोडेनात. "आणि उस्तादांचं नाव कुठंय यात?"

खरंच नव्हतं. साडूंचे किस्से रंगवण्याच्या नादात मीही त्यांना नुसतं उस्ताद करून टाकलं होतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. साडूंनी पेन्सिल ठेवून पेन काढलं आणि समासात, दाखल्यावर लिहावं तसं सुवाच्य अक्षरात, लिहिलं. ते छापताना गाळू नये, एवढीच विनंती: किसन भिवा ओव्हाळ, फोरमन.