कुलुपाचा हात

शिवाचा फोन सकाळी आला, तेव्हा मी लातूरच्या घरी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. अशा वेळी कधी गेले, कसे गेले हे विचारायची रीत आहे. माझ्या तोंडून मात्र निघालं, "वहिनी कुठायत?" तो म्हणाला, "घरातच आहे. तिला सांगितलं मी. तिनं मान हलवली आणि भाजी निवडायला बसली." माणिकराव झोपेतच गेले होते आणि शिवा नेमका दोन दिवसांसाठी घरी आलेला होता, हे मला नंतर कळलं. पण त्यांच्या जाण्यापेक्षा, आता त्या बाईंचं काय होणार, हीच काळजी मला आधी लागली, आणि मला वाटतं माणिकरावांनाही तसंच आवडलं असतं.

नांदेडच्या एका कॉलेजात ते हिंदी शिकवायचे आणि मी वाणिज्य. शेजारशेजारच्या खुर्च्यांवर आमची नोकरी सरली, पण एकमेकांना आम्ही शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं. मृत्यूनंतर माणूस एकदम देवमाणूस होतो, म्हणून आधीच सांगून टाकतो की माणिकराव तसे नव्हते. ते वेळेवर येत नसत, छत्र्या हरवत, दुसऱ्याचं पेन खिशाला लावून घरी जात, आणि एकच गोष्ट त्याच माणसाला दहा वेळा सांगत. ती गोष्ट कुलुपाची. म्हणजे 'कुलूप' या शब्दाची. मला शब्दांच्या कुळात रस नाही. एखाद्या शब्दानं काम भागलं की त्याचा आजा-पणजा कोण, हे कशाला बघायचं? हे मी त्यांना तोंडावर म्हणायचो. ते हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

मूळ अरबी शब्द कुफ्ल. तो फारसीतून इकडं आला आणि वाटेत त्याची अक्षरं मागंपुढं झाली. कंधारला त्यांच्या लहानपणी शेजारचे दखनी बोलणारे लोक कुलुफ म्हणायचे, आपण कुलूप म्हणतो, आणि पार तिकडं बंगालीतही लोक कुलुपच म्हणतात. "मधल्या हिंदीनं ताला धरला, आणि हा गडी तिला वळसा घालून दोन टोकांना जाऊन बसला!" असं म्हणताना त्यांना असा आनंद व्हायचा, की जणू तो शब्द त्यांनीच गाडीत बसवून दिला होता. मग कुल्फी यायची. साच्याचं झाकण घट्ट लावून गोठवतात म्हणून ती कुल्फी, त्याच कुलुपाच्या घरातली. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर उन्हाळ्यात आम्ही कुल्फी खायला उभे राहिलो, की कुल्फीवाल्यालाही हे ऐकावं लागायचं. तो बिचारा म्हणायचा, "हाव सर, मागल्या वर्षीबी सांगितलं व्हतं तुम्ही."

गोष्टीचा शेवट ठरलेला असे, आणि तो वहिनींचा असे. नीलावहिनी निलंग्याकडच्या, माहेरी कन्नड बोलणाऱ्या. लग्न होऊन कंधारला आल्या तेव्हा त्यांना मराठी कळायचं, पण बोलायला लाजायच्या. नवरा-बायकोत बोलणंच होईना. माणिकरावांना दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यांनी ट्रंकेच्या कुलुपाकडं बोट करून विचारलं, "याला तुमच्यात काय म्हणतात?" वहिनी म्हणाल्या, "बीगा." आणि किल्लीला? "बीगद कै." म्हणजे कुलुपाचा हात! माणिकराव सांगायचे, त्या दिवशी मला कळलं की हिच्याशी माझं जमणार. "बघा, कन्नडवाल्यांनी कुलुपाला हात दिला. तेलुगूवाले किल्लीला ताळम् चेवी म्हणतात, चेवी म्हणजे कान. त्यांनी कान दिला. काही लोक म्हणतात तो कान नव्हे, पोर्तुगीजांची चावीच आहे. असेल बुवा. पण आपण मराठी लोकांनी हात नाही, कान नाही, सरळ पोर्तुगीजांची चावी उचलली." यावर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "झालं का तुमचं कुलूप लावून? पानं वाढलीत." आणि लहानगा शिवा कानांवर हात ठेवायचा.

गंमत म्हणजे त्या घराला कुलूप कधी लागलंच नाही. त्यात काही तत्त्व नव्हतं. कंधारच्या घरात माणसं इतकी, की सगळी एकदम बाहेर जायची वेळच येत नसे. ती सवय त्यांनी नांदेडला आणली. बाहेर जाताना दार ओढून घ्यायचे आणि समोरच्या इस्त्रीवाल्या कांताबाईंना सांगायचे. मी म्हणायचो, कुलुपावर एवढं बोलता, एखादं विकत तरी घ्या.

कुलूप आलं ते शिवानं हैदराबादहून आणलेलं. मी निवृत्त होऊन मुलीजवळ लातूरला आलो होतो, आणि त्याच सुमारास वहिनींना विसर पडायला लागला होता. आधी भाजीत मीठ, मग दिवस, मग माणसं. नंतर मराठी गेलं. एवढी वर्षं बोललेली भाषा अंगावरचा शेला घसरावा तशी गेली आणि माहेरची कन्नड तेवढी राहिली. एका दुपारी त्या घरातून निघाल्या आणि निलंग्याची गाडी विचारत बसस्टँडवर सापडल्या. शिवा धावत आला. पुढच्या लोखंडी जाळीच्या दाराला त्यानं भलंथोरलं कुलूप आणलं, नुसतं दाबलं की लागणारं. "बाबा, बाहेर जाताना लावत जा. एखाद दिवशी गोदावरीकडं गेली म्हणजे?" त्याचं काही चुकत नव्हतं. माणिकरावांनी कुलूप निरखून पाहिलं, छान आहे म्हणाले, आणि दाराशेजारच्या खिळ्याला उघडंच अडकवून ठेवलं. बाकीच्या किल्ल्या त्यांनी आठवड्याभरात हरवल्या. उरलेली एक वहिनींच्या पदराला बांधली. "हात तिचा आहे, तिच्याकडंच राहू दे," असं मला फोनवर म्हणाले. मला तो निव्वळ हट्टीपणा वाटला, आणि आजही थोडासा वाटतो.

पण हट्टापायी त्यांनी उपायही शोधला होता. वहिनींना कोणी "घरी चला" म्हटलं की त्या बिथरायच्या. हेच माझं घर कशावरून, असा त्यांचा सवाल. मात्र जेवणाचं कोणी काढलं, की त्यांचे पाय आपोआप चुलीकडं वळत. तेव्हा माणिकरावांनी अख्ख्या गल्लीला कन्नडमधलं एकच वाक्य शिकवलं: "अव्वा, ऊटा आतेन?" म्हणजे, आई, जेवलीस का? वहिनी म्हणायच्या, "इल्ला," म्हणजे नाही, "नडी," म्हणजे चल, आणि विचारणाऱ्यालाच घेऊन घरी यायच्या. इस्त्रीवाल्या कांताबाई शिकल्या, रिक्षावाला रफिक शिकला, कोपऱ्यावरचे स्पेअर पार्टचे सरदारजी तर असं ठणकावून म्हणायचे की वाक्य पंजाबी वाटावं. एकदा मी गेलो तेव्हा रफिक ताटावर बसलेला. मला म्हणाला, "क्या करूं सर, पुलापाशी भेटल्या. विचारलं, तर मलाच धरून आणलं. आज तिसऱ्यांदा जेवून राहिलो." माणिकराव वाढत होते आणि त्याला विचारत होते की त्याच्या आजोळी कुलुपाला काय म्हणतात.

तर हे सगळं मागं ठेवून ते गेले. मी तिसऱ्या दिवशी नांदेडला पोचलो. शिवा दाढी वाढलेला, डोळे जागरणानं लाल. आल्यागेल्यांचा राबता ओसरला होता, शेवटच्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं होतं आणि ओझी उचलायला मीही सोबत निघालो. कांताबाई म्हणाल्या, "जा की दादा, मी हाय न्हवं हितं." शिवा म्हणाला, "बाबा होते तोवर ठीक होतं, मावशी. आता जबाबदारी माझी आहे." खिळ्यावरचं कुलूप त्यानं काढलं, कडीत घातलं आणि दाबलं. त्या घराला पहिल्यांदा कुलूप लागलं. बारीकसा आवाज झाला... मला तो आवडला नाही. पण ते घर माझं नव्हतं.

परत आलो तर दारात गर्दी. वहिनी जाळीला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, जाळी हलवत होत्या आणि रडत होत्या. शिवानं खिसे चाचपले आणि त्याचा चेहरा पडला. किल्ली आतच होती, त्यांच्या पदराला. "आई, चावी दे. पदराला आहे बघ. चावी!" त्या त्याच्याकडं परक्या माणसाकडं बघावं तशा बघत होत्या. त्यानं किल्ली म्हणून पाहिलं, खुणा केल्या, जाळीतून पदराकडं हात घातला, तशा त्या घाबरून मागं सरल्या. कांताबाईंनी "अव्वा, ऊटा आतेन?" म्हटलं. त्या वळल्या, स्वयंपाकघरात गेल्या, तिथं काय हवं होतं ते विसरून पुन्हा जाळीशी येऊन रडू लागल्या. सरदारजी म्हणाले, "कटर लाता हूँ, पुत्तर. दो मिनट का काम है." त्या आवाजानं त्यांचं काय होईल, हे सगळ्यांनाच दिसत होतं. तरी शिवानं मान हलवली, आणा म्हणून.

सरदारजी दुकानाकडं गेले. शिवा पायरीवर बसला. थोड्या वेळानं तो उठून जाळीजवळ गेला. त्याला कन्नड येत नाही. लहानपणी घरात ती भाषा त्याला नको असायची. पण ती गोष्ट त्यानं माझ्याहून जास्त वेळा ऐकलेली. अगदी हळू, चाचरत तो म्हणाला, "अव्वा... बीगद कै."

वहिनींचं रडू थांबलं. त्यांनी पदर पुढं घेतला, गाठ सावकाश सोडली आणि किल्ली जाळीतून त्याच्या तळहातावर ठेवली. दार उघडलं. आपला लेक कोण हे त्यांना कळलं नव्हतंच. तो आत आला तेव्हा त्याच्या वाढलेल्या दाढीकडं बघून त्यांनी विचारलं, "ऊटा आतेन?" तीन दिवस कोरडा राहिलेला शिवा तिथंच, कुलूप हातात घेऊन रडला. कटर घेऊन आलेले सरदारजी दाराबाहेरूनच मागं फिरले. मीही रडलो. माणिकराव गेल्याचं मला तेव्हा खरं वाटलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. शिवा सध्या नांदेडहूनच काम करतो. हे किती दिवस जमेल, आईला हैदराबादच्या सातव्या मजल्यावर न्यावं लागेल का, तिथल्या शेजाऱ्यांना ते वाक्य कोण शिकवेल, हे त्यालाही ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात जाऊन आलो. कुलूप पुन्हा त्याच खिळ्याला उघडं लटकलेलं, किल्ली वहिनींच्या पदराला. शिवा कुठंतरी बाहेर गेला होता आणि समोर कांताबाई इस्त्री फिरवता फिरवता दारावर नजर ठेवून होत्या. वहिनी पायरीवर बसल्या होत्या. मी कोण, हे त्यांना कळलं नाही. वर बघून त्यांनी विचारलं, "ऊटा आतेन?"

मी लातूरहून पोटभर जेवून निघालो होतो. म्हणालो, "इल्ला."