भाऊजींचा पाय

शेलूबाजारात आमच्या भाऊजींइतका भिडस्त माणूस आजवर झाला नाही आणि, देवा, पुन्हा होऊही नये. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुणाला 'नाही' म्हणणं त्यांना जमायचंच नाही. ज्या दारावरून जातील तिथला गोडमिट्ट चहा पिऊनच पुढे सरकायचे. शुगर निघाल्यावर डॉक्टरांच्या गोळ्यांना हो म्हणाले आणि चहालाही हो म्हणत राहिले. पायाची जाणीव कधी गेली, ते त्यांना कळलंही नाही. चपलेतला खिळा तळव्यात रुतला आणि हा भला माणूस दिवसभर त्यावर चालला. ताईनं फरशीवरचं रक्त पाहिलं तेव्हा घरात बोंब झाली.

डॉक्टरांनी बजावलं, जखम रोज सलाईननं धुवायची, जंतुनाशक औषध लावायचं, स्वच्छ पट्टी बांधायची आणि पाय टेकायचा नाही. ताईला जखम पाहवेना, म्हणून हे काम मी घेतलं. मी पट्टी बांधून हात धुते न धुते तोच कोणीतरी भेटायला यायचं. आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला जायचं म्हणजे खरंच पाहायचं! 'पाहू बरं' म्हटलं की भाऊजी लगेच पट्टी सोडायचे. कोणी हळद सुचवायचा, कोणी राख, एका शहाण्यानं तर दंतमंजन दाबलं. भाऊजी सगळ्यांचं लावून घ्यायचे.

"भाऊजी, पाय हाये का परसाद? येईल त्याच्यापुढं करून राह्यले!" मी कडाडायची.

"अवं, एवढ्या लांबून आला बिचारा. त्याचं मन कायले मोडू? अन् मले दुखत तं नाही."

"दुखत नाही हेच तं वाईट हाये!"

त्यांना ती तारीफ वाटायची. शेवटी मी दारात खुर्ची टाकून बसले आणि आलेल्याला माघारी धाडू लागले, तर या गृहस्थानं मागच्या खिडकीतून पाय बाहेर काढून शेजाऱ्याला दाखवला! आता यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं?

आधी बोट काळं पडलं, मग घरभर वास सुटला. अकोल्याला नेलं तोवर उशीर झाला होता. गुडघ्याखालून पाय गेला. मी ढसाढसा रडत होते आणि भाऊजी माझीच समजूत घालत होते.

आता उरलेला पाय मी रोज मांडीवर घेते. कोमट पाण्यानं धुते, टिपून घेते, एकेका बोटाच्या बेचक्यात पाहते. साधा ओरखडा दिसला तरी लगेच डॉक्टर गाठते. भाऊजी उशीवर डोळे मिटून पडलेले असतात. सगळं आटपून मी पाय खाली ठेवते, आणि तेव्हा ते हळूच विचारतात, "सुरू केलं का वं?"