उकंडरावांची तिसरी ओळ

नांदुऱ्याच्या स्टेशनातून बाहेर पडलात की डाव्या हाताला उकंडरावांची पेपरची टपरी लागते. टपरीला लागून कापसाच्या जुन्या जिनिंगची भिंत आहे आणि त्या भिंतीवर काळ्या रंगाने रंगवलेला फळा. गेली अडतीस वर्षं उकंडराव रोज सकाळी सातच्या आत त्यावर खडूने बातम्या लिहितात. बातम्या तीनच. फळ्याखाली बाकडं आहे, त्यावर बसणाऱ्यांच्या पाठीने चौथी ओळ पुसली जायची, म्हणून ती पहिल्याच वर्षी बंद झाली.

उकंडराव आणि मी वडनेर भोलजीच्या शाळेत एका तरटावर बसलो. हे उकंडराव नाव ऐकून शहरातली पोरं हसतात, म्हणून सांगतो. त्याच्या आधीची तीन भावंडं गेली होती. चौथा झाला तेव्हा आईने त्याला उकिरड्यावर लोळवून उचलला, म्हणजे देवाला वाटावं, हे काही कामाचं नाही. देवाला वाटलंही असेल, कारण गडी चौऱ्याहत्तरीत आहे आणि अजून चष्म्याशिवाय फळा लिहितो. अक्षर असं, की गुरुजी त्याची पाटी सगळ्या वर्गात फिरवायचे. माझी पाटीही फिरवायचे, पण कसं लिहू नये ते दाखवायला.

तर त्या तीन ओळींचा एक कायदा होता. पहिली ओळ जगाची किंवा दिल्लीची, दुसरी मुंबई-नागपूरची आणि तिसरी आपल्या गावची. नळाला पाणी किती वाजता, वीज कधी जाणार, पॅसेंजर किती लेट, कोणाची मयत किती वाजता निघणार. पहिल्या ओळीवर लोक बाकड्यावर बसून भांडायचे. आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा पहिल्या ओळीतल्या तोफा ऐकत आम्ही महिनाभर चहा प्यायलो. तिसऱ्या ओळीवर मात्र कोणी भांडायचं नाही, लोक ती वाचून कामाला लागायचे. एकदा एका लग्नाचं वऱ्हाड गाडी येण्याच्या वेळेला स्टेशनाबाहेर आरामात शिदोऱ्या सोडून बसलं होतं. हमालाने विचारलं, गाडी आली न्‌ गेली तर? नवरदेवाचा मामा म्हणाला, "फळ्यावर दीड घंटा लेट लिवलं हाये." आणि गाडी दीड तासानेच आली. तोवर मामा जागचा उठलासुद्धा नव्हता.

गेल्या वर्षी शाळा नुकत्याच उघडल्या होत्या तेव्हाची गोष्ट. चीनने चुंबकं अडवून धरली होती. बॅटरीच्या गाड्यांच्या मोटरीत लागतात ती. त्या गुरुवारी सकाळी मी टपरीवर होतो. उकंडरावांनी तीन पेपर मांडीवर पसरले. एकाने मथळा दिला होता, 'ड्रॅगनने आवळला गळा'. दुसऱ्याने तीच बातमी, 'चीनचा अडथळा, भारताला सोन्याची संधी'. तिसरा आपल्या जिल्ह्यापुरता निघणारा, त्याने शेवटच्या पानावर छापलं होतं, 'नांदुऱ्याच्या ई-रिक्षांना चिनी ब्रेक'. खालचा मजकूर तिघांचाही शब्दाला शब्द सारखा, फक्त जिल्ह्याच्या पेपराने शेवटी कोणा विक्रेत्याच्या तोंडची दोन वाक्यं जोडली होती.

"पाह्य," उकंडराव म्हणाले, "एकाच झाडाचे वांगे, तीन घरच्या भाज्या. एकानं तिखट घातलं, एकानं गूळ."

"अन्‌ तिसऱ्यानं?"

"तिसऱ्यानं आपल्या ताटात वाढली."

त्या दिवशी गावात काहीच नव्हतं. पाणी नेहमीच्या वेळेला, गाड्या वेळेवर, आणि मेलं कोणी नव्हतं. पहिली ओळ दिल्लीच्या येत्या अधिवेशनाने भरली, दुसरी खरिपाच्या बियाण्याने. तिसरी रिकामी ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तो तिसरा पेपर पुन्हा उचलला आणि लिहिलं : 'चीनने चुंबक रोखले. नांदुऱ्यातील बॅटरीच्या रिक्षा बंद पडणार.' मी पाहत होतो. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं आलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी दुपारी दीपमाला आली. दीपमाला ही डाळ मिलमध्ये कामाला होती, दोन वर्षांपूर्वी तिने बॅटरीची रिक्षा घेतली. शेगावहून सकाळच्या पॅसेंजरने सहा शिक्षिका येतात. त्यांना स्टेशनावरून घेऊन गावातल्या दोन शाळांत सोडायचं आणि दुपारी परत आणायचं, हे तिचं महिन्याचं बांधलेलं काम. दिवसभर मिळणारी फुटकळ भाडी वरची. घर त्या सहा बायांवर चालत होतं. तिने रिक्षा टपरीसमोर उभी केली, खाली उतरली नाही.

"काका, माही गाडी बंद पडणार हे तुमाले कोनं सांगतलं?"

"तुही गाडी? तुह्या गाडीचं मी कुठी लिवलं बाई?"

"गावात बॅटरीच्या रिक्षा किती हाये? मोजा. माही, अन्‌ तो बाजारातला, तो तं ट्रॉलीवानी कांदेच वाहते. मॅडमनं सोमवारपासून सहदेवची पेट्रोलची ऑटो सांगतली. म्हणे, वाटेत बंद पडली तं आमची हजेरी अंगठ्यावर हाये, मिनिट इकडचं तिकडं चालत नाही."

"अवं पेपरात आलं होतं. मी तं फक्त उतरवलं."

"पेपर कोन वाचते काका? लोक तुमाले वाचतात."

उकंडराव पेपरच्या चळती नीट करत बसले, त्या आधीच नीट होत्या. ओळ तर गुरुवारी संध्याकाळीच पुसली गेली होती. आता तिथे पाण्याची वेळ होती, म्हणजे खोडायलाही काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "भालचंद्राले विचारून पाहू. त्याचीच बातमी हाये ते."

भालचंद्र म्हणजे त्या पेपरचा तालुक्याचा वार्ताहर. कॉलेजात कारकून, बातम्या जोडधंदा. दीपमाला म्हणाली, "बसा मंग. नाही पोचलो तं चीनले फोन लावू." आम्ही दोघं म्हातारे मागे बसलो. रिक्षा आवाज न करता कॉलेजपर्यंत गेली. वाटेत उकंडराव सारखे खाली वाकून पाहत होते. मी विचारलं, काय पाहता? म्हणाले, "चुंबक कुठी बसवते बे हे?" दीपमाला पुढूनच म्हणाली, "आतमधी हाये. कधीचं येऊन बसलं, आता कोनाच्या बापाले वापस मांगता येत नाही."

भालचंद्र ऑफिसबाहेर आला, ऐकलं आणि हसला. "अहो, मला पेपरच्या डेस्कवरून फोन आला. म्हणाले, जगाची बातमी जगाच्या पानावर आहेच, आपल्या पानासाठी नांदुऱ्याचा अँगल द्या. मी एका विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, नव्या गाड्या यायला उशीर लागू शकतो. मी तेच पाठवलं."

"नव्या?" उकंडरावांनी विचारलं.

"नव्याच. पेपरात शेवटच्या वाक्यात आहे ते. मथळा डेस्कवर बसतो, तो माझ्या हातात नसतो."

"मंग उद्या छापा, का चालू गाड्यायले काही होत नाही."

"उकंडभाऊ, कोणी तक्रार केलेली नाही, कशाला छापतील? आणि छापलं तरी आतल्या पानावर, बोटभर. कोण वाचणार?"

दीपमालाने नुसतं उकंडरावांकडे पाहिलं. परत येऊन टपरीवर उतरल्यावर उकंडराव म्हणाले, "अडतीस वर्षांत मी कधी चुकलं म्हणून लिवलं नाही." मी म्हटलं, "चुकले नव्हते म्हणून." ते म्हणाले, "हाव. पण लोकायले काय मालूम, चुकलो नव्हतो, का चुकून सांगतलं नाही."

शनिवारी फळ्यावर पहिल्या दोन ओळी रोजच्यासारख्या होत्या. तिसरी अशी : 'गुरुवारची तिसरी ओळ माझी चुकली. उशीर नव्या गाड्यांना. चालू रिक्षांना काही होत नाही, काल मी बसून आलो. – उकंडराव.' ओळ लांबली, शेवटचे शब्द पार बाकड्याच्या पाठीमागे गेले. म्हणून त्यांनी त्या दिवशी बाकडं उचलून टपरीच्या आत ठेवलं. बसणारे सगळे उभ्याने वाचत होते.

एवढं सगळं सरळ झालं असं नाही. दोघा-तिघांनी वाचलं आणि विचारलं, "उकंडभाऊ, मंग काल पाण्याची वेळ लिवली होती ते तरी खरी होती ना?" एक तर म्हणाला, आता नगरपालिकेत जाऊनच विचारतो. असं याआधी कोणी त्यांना बोललं नव्हतं. उकंडरावांनी त्याला नगरपालिकेचा फोन नंबर लिहून दिला. त्यात राग नव्हता, नंबर खरंच त्यांना पाठ होता. ती ओळ त्यांनी रविवारीही पुसली नाही.

सोमवारी सकाळची पॅसेंजर आली. सहदेवची ऑटो स्टेशनाच्या फाटकाशी पुढे उभी, दीपमालाची रिक्षा तिच्या मागे. सहा शिक्षिका बाहेर आल्या आणि फळ्यापाशी थांबल्या. त्यांच्यात निवेदिता मॅडम मोठ्या, बोलायचं त्यांच्यावर होतं. त्या सहदेवला म्हणाल्या, "दादा, आम्ही तुम्हाला सांगितलं होतं खरं, पण आता हे असं आहे."

सहदेव म्हणाला, "मॅडम, फळा मी शनिवारीच वाचला. जा तिच्यात. माही गाडी कोनी चीनमधून थांबवत नाही, मले दुसरं भाडं भेटते." मग जरा थांबून, "पण दोघीजणी तरी बसा. मी सकायपासून दुसरं भाडं घेतलं नाही कोनाचं."

चौघी दीपमालाच्या रिक्षात बसल्या, दोघी सहदेवच्या ऑटोत. दीपमालाने मागे वळून रिकाम्या राहिलेल्या जागेकडे एकदा पाहिलं, तिथे कोणाची तरी डब्याची पिशवी सरकवून ठेवली आणि गाडी काढली. उकंडराव खडू हातात घेऊन तिसऱ्या ओळीसमोर उभे होते. त्या दोघी मॅडम अजूनही सहदेवच्याच ऑटोने जातात. काही कारण नाही, सवय लागली म्हणतात.