भार पडल्यावर आवळायचे नट

कराडचा तो मिस्त्री माझ्या जुन्या लष्करी जीपच्या स्प्रिंगचे पाटे सांगाड्याला जोडणारे झिजलेले शॅकल आणि त्यांतले रबरी बुश बदलायचा. नट मात्र जीप जॅकवरून उतरवल्यावरच आवळायचा. "आदी भार पडू द्या, न्हाईतर रबर पिळून फाटतंय," असं दर खेपेला मला शिकवायचा. मी कुणाचं ऐकून घेणारा नव्हे, त्याचं घ्यायचो.

एका साली त्यानं जीप वर असतानाच नट करकचून आवळले. म्हातारा विसरला, हे मला कळलं. त्याचा मान राहावा म्हणून मी गप्प बसलो, आणि कोयनेच्या घाटाआधी थांबून नट सैल करून पुन्हा आवळले.

पुढच्या खेपेला त्यानं नटांवरच्या माझ्या पान्याच्या खुणा बोटानं चाचपल्या.

"आवं, तवाच सांगायचं व्हतं," तो म्हणाला. "तुमच्यामागनं चार गाड्या तशाच घाटात धाडल्या मी."