डोहाचं वेळापत्रक

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. मीही म्हणते. लग्न होऊन कर्नाटकाच्या औराद तालुक्यातल्या या मांजरेकाठच्या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की अक्का शेतात जाताना वाट वाकडी करून नदीवर जातात आणि पोहून येतात. काष्टा घट्ट मारायचा, पदर कमरेला खोचायचा आणि काळ्या खडकावरून सरळ डोहात. मी बीदरमध्ये वाढलेली, कन्नड शाळेत शिकलेली आणि पुढे कन्नडचीच शिक्षिका झालेली. नदी मी पाहिली होती ती एसटीच्या खिडकीतून, पुलावरून जाताना. बाईमाणूस असं उघड्यावर पोहतं हे मला नवीन होतं. खरं तर गावालाही ते बरीच वर्षं पचलं नव्हतं.

ते पचलं एका मुलीमुळे. मी यायच्या आधीची गोष्ट. गोधड्या धुताना शेवाळावरून पाय घसरला आणि पोरगी डोहात गेली. काठावरच्या बाया ओरडत राहिल्या. अक्का तुरीत खुरपत होत्या. खुरपं टाकून त्या पळत आल्या, उडी मारली आणि पोरीच्या वेणीला धरून तिला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी त्या पोरीची आई तिला घेऊन दारात आली. आभार मानायला आली असेल असं घरच्यांना वाटलं. ती म्हणाली, हिला पोहायला शिकवा. त्या उन्हाळ्यात सात मुली आल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागली की डोहावर अक्कांची शाळा भरते.

नदी इथं वळण घेते. वळणाला काळा खडक, खडकाखाली डोह आणि समोर वाळूचा लांब पट्टा. एप्रिल-मेमध्ये नदीची धार तुटते, जागोजागी नुसते गोटे दिसतात, पण डोह आटत नाही. अक्का मुलींना तिथं पहिले दोन दिवस पोहायला सांगतच नाहीत. गळ्याइतक्या पाण्यात बसवून ठेवतात. मग कमरेला तेलाचे रिकामे कॅन बांधतात. पूर्वी वाळलेले भोपळे बांधायचे, आता तेवढे मोठे भोपळे कोणी वाळवत नाही. एखादी हातपाय झाडायला लागली की त्या तिच्या पोटाखाली एक हात धरतात आणि म्हणतात, "पाण्याला घाई न्हाई, तुला कामून?" मी खडकावर बसून वह्या तपासायची आणि हे बघायची. वर्गात चाळीस मुलांवर आवाज चढवणारी मी. या बाईचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही.

एका जानेवारीत, तुरीच्या राशी चालू असताना, पंचायतीच्या फळ्यावर एक कागद लागला. कागद कन्नडमध्ये होता. गावात बहुतेकांना कन्नड बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचून समजणं वेगळं. अक्कांनी मला सोबत नेलं. मी वाचून सांगितलं की नदीचा आपल्या शिवारातला पट्टा वाळू उपशाला द्यायचं ठरतंय, कुणाची हरकत असेल तर कळवावी.

"म्हंजी डोह?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, डोह आणि समोरचा पट्टा, दोन्ही.

घरी येऊन त्यांनी भाकऱ्या केल्या, सगळ्यांना वाढलं. अडचण अशी होती की आमच्याच दारात ट्रॅक्टर उभा होता. अक्कांचे यजमान, माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी तो हौसेनं घेतलेला. वाळू निघाली तर ट्रॅक्टरला बारमाही काम, हे अण्णांनाही कळत होतं. अण्णा मनानं चांगले, पण नदीला ते शेताची हद्द समजायचे. जन्मापासून नदीकाठी राहूनही त्यांना पोहता येत नव्हतं.

मला शाळेतल्या एका प्रशिक्षणात ऐकलेलं आठवत होतं की प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असते, गावात काय काय जगतं याची नोंदवही तिनं ठेवायची असते, आणि एखादी जागा मोलाची असेल तर ती वारसा म्हणून राखावी असा ठराव ग्रामसभेला करता येतो. कायदाच आहे तसा. पंचायतीत चौकशी केली. समिती होती. वहीही होती. वहीच्या पहिल्या पानावर गावाचं नाव होतं आणि पुढची पानं कोरी.

ती वही आम्ही भरली. अक्का सांगायच्या, मी कन्नडमध्ये लिहायची. अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या, पण डोहाबद्दल त्यांना विचारावं आणि ऐकत बसावं. मासळीत मरळ कुठल्या कपारीत असते, वाम कधी वर येते, वाळूच्या पट्ट्यावर कासवं कुठल्या महिन्यात अंडी घालतात, खंड्या दरडीत बीळ कुठं करतो, वाळुंजाची झाडं पूर्वी किती होती आणि आता किती उरली. मी लिहिताना दमायची, त्या सांगताना दमत नसत. पोहणारं माणूस नदीला काठावरून बघत नाही, हे मला तेव्हा समजलं. त्यांनी ते सगळं नाकाच्या उंचीवरून बघितलेलं होतं, वर्षानुवर्षं, रोज सकाळी.

एक दिवस त्या म्हणाल्या, पाणमांजरांचं लिहिलंस का? मला माहीतच नव्हतं. सूर्य उगवायच्या सुमाराला ती खडकापलीकडच्या बिळातून निघतात, एक जोडी आणि मागून पिल्लं, मासा धरून वाळूवर खातात, असं त्यांनी सांगितलं. मला त्या प्राण्याचं कन्नड नाव येत नव्हतं. मी सरळ अर्थ लावला आणि लिहिलं 'नीरुबेक्कु', पाण्यातली मांजर.

ग्रामसभा मेमध्ये होती. त्याच्या आधी एकदा जेवताना अक्का अण्णांना म्हणाल्या, "एकदा डोहात उतरून बघा. मग वाळू काढायची का न्हाई, तुमीच ठरवा." अण्णा हसले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, नदीवर आम्हा दोघींशिवाय कोणी नसताना, ते आले. अक्कांनी त्यांच्या कमरेला चार कॅन बांधले. साठीचा माणूस, पिळदार मिशा, आणि बायकोच्या खांद्याला दोन्ही हातांनी धरलेलं. मी वहीत तोंड घातलं, पण बघत होते. अक्का त्यांना हळूहळू समोरच्या पट्ट्याकडे घेऊन गेल्या. तिथं छातीइतक्या पाण्यात त्यांनी अण्णांना उभं केलं आणि पाय वाळूत रुतवायला सांगितलं. अण्णा बराच वेळ तसेच उभे राहिले.

"खालून गार पाणी यायलंय," ते म्हणाले.

अक्कांनी फक्त मान हलवली. वर पाणी उन्हानं कोमट, आणि पायाच्या बोटांपाशी झरा. आमची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आहे, तिलाही पाणी याच वाळूतलं. शेतकऱ्याला त्याच्यापुढचं सांगावं लागत नाही.

ग्रामसभेत बरीच गरमागरमी झाली. वाळू हवी असणारे थोडे नव्हते. घर बांधणाऱ्याला वाळू लागतेच, ट्रॅक्टरवाल्यांना काम लागतं. त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. मी वही वाचून दाखवली. कासवांशी आपल्याला काय करायचंय, असं एकानं विचारलं आणि काही लोक हसले. मग अण्णा उठले. सभेत कधी न बोलणारा माणूस.

"माझ्या दारात ट्रॅक्टर हाय," ते म्हणाले. "वाळू निघाली तर पहिली खेप माझीच व्हईल. पण मी डोहात पायानं बघून आलाव. झरा वाळूतून येतोय. वाळू गेली तर झरा ऱ्हातोय का न्हाई, ज्याला ठाव हाय त्यानं हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही. ठराव झाला. डोह आणि पट्टा राखून ठेवावा, वाळू वरच्या उजाड भागातून मापात घ्यावी. घरी येताना अक्का अण्णांच्या मागून चालत होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसलेले मी पाहिले, पण विचारलं नाही.

ठरावाचा कागद आणि वहीची प्रत वर गेली. पट्टा उपशाला द्यायचं थांबलं, तेही तात्पुरतं. पुढं कित्येक महिने काहीच आलं नाही. थंडीत एक दिवस वनखात्याच्या एक अधिकारी बाई जीपनं आल्या. वय पस्तिशीच्या आत, पश्चिमेकडच्या डोंगराळ मलनाड भागातल्या, मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यांच्या येण्याचं कारण माझी चूक होती. कागदात 'पाण्यातली मांजर' वाचून त्यांना वाटलं होतं की एखादी दुर्मीळ रानमांजर इथं सापडली की काय. मी अक्कांचं वर्णन कन्नडमध्ये सांगितलं, चपटी शेपटी, आखूड पाय, घोळक्यानं पोहतात, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, अहो, ही तर 'नीरुनायी', पाण्यातला कुत्रा. मी शरमले. काय झालं ते अक्कांना सांगितलं, तर त्यांना भारी मजा वाटली. त्या म्हणाल्या, "मांजर म्हणा का कुत्रं, त्येला काय फरक पडतोय? बाईंना म्हणावं, सकाळी दाखवते."

अधिकारी बाई आमच्याकडेच राहिल्या. पहाटे आम्ही तिघी खडकाआड बसलो. थंडीनं माझे दात वाजत होते. तांबडं फुटलं आणि पलीकडच्या पाण्यावर तीन-चार डोकी वर आली, बुडाली, परत आली. एकानं मासा वाळूवर आणला आणि तो दोन्ही पंजांत धरून कचाकचा खाल्ला. अधिकारी बाईंनी कॅमेरा आणला होता. पहिली पाच मिनिटं त्यांनी तो उचललाच नाही. मग त्यांनी अक्कांचा हात धरला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, माझ्या नोकरीत मी हे दुसऱ्यांदा बघतेय. अक्कांना कन्नड तेवढं समजतं.

काम आता मार्गी लागलं असं वाटलं. पण उन्हाळ्याच्या तोंडावर वनखात्याकडून नियमांचा मसुदा आला आणि मी वाचून थबकले. डोह वारसा म्हणून राखायचा, वाळू, स्फोटानं मासेमारी, इंजिनाचे पंप, सगळं बंद. आणि शेवटच्या ओळीत, माणसांना पाण्यात उतरायला बंदी.

अक्कांना सांगायला माझी जीभ रेटेना. सांगितलं तेव्हा त्या शेंगा फोडत होत्या. हातातल्या शेंगा त्यांनी सुपात टाकल्या. नंतर म्हणाल्या की अधिकारी बाईंचं चुकलं नाही. त्यांनी माणसं नदीवर काय करतात ते पुष्कळ ठिकाणी बघितलं असेल. मला म्हणाल्या, फोन लावून दे, मी बोलते. मी दुभाषी म्हणून मध्ये बसले. अक्का जे बोलल्या ते मी शब्दाला शब्द सांगितलं, यावेळी चूक होऊ दिली नाही.

"आमाला बाहेर काढलं तर डोहाकडं बघायला कोण येणार? पोरी पोहायला येतेत म्हणून कोण काय टाकलं, कोण काय धरलं, समद्यांला कळतंय. वेळ वाटून घेऊ. सकाळ पाणमांजरांची. उन्हं चढल्यावर आमची. कासवं अंडी घालतेत तवा वाळूवर कुणी जायचं न्हाई, दोरी मी सोता बांधते. पावसाळ्यात नदी एकटी ऱ्हाऊ द्या."

मग अधिकारी बाईंनी विचारलं, हे लिहून द्याल का?

आम्ही लिहून दिलं. महिन्यांचा तक्ता आखला, जसा मी शाळेच्या भिंतीवर लावते तसा. कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळेला, डोहाच्या कुठल्या बाजूला कोण. खाली अक्कांची सही, मोठी, सावकाश काढलेली. पुढं आणखी दोनदा कागद खाली-वर झाले, एकदा मोजणीवाले येऊन हद्दीचे दगड रोवून गेले. शेवटी सरकारी अधिसूचना निघाली तेव्हा आमचा तो तक्ता व्यवस्थापनाच्या नियमांत होता. भाषा सरकारी झाली होती, पण वेळा अक्कांच्याच होत्या. मी तो त्यांना अंगणात उभं राहून वाचून दाखवला. अण्णा मध्येच म्हणाले, "परत वाच," आणि मी परत वाचला.

आता नदीवर कन्नड पाटी आहे, खाली बारीक अक्षरात मराठी. उन्हाळ्यात आसपासच्या गावांतून मुली येतात, उदगीरकडूनही काही आल्या. बरेच लोक नुसते बसायला येतात, डबे आणतात. डबे परत न्यायला लावायचं काम अण्णांनी अंगावर घेतलंय आणि ते त्यात कोणाचीही भीड ठेवत नाहीत. सगळं सुरळीत आहे असं नाही. मागच्या वर्षी कोणीतरी दोरी तोडून वाळू नेली. पंचायतीनं तक्रार दिली, ट्रॉली पकडली गेली. कायद्याचा कागद हातात नसता तर नुसती भांडणं झाली असती.

मागच्या महिन्यात नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावातून चार बायका अक्कांना भेटायला आल्या होत्या. त्यांच्याकडेही डोह आहे, त्यांनाही असा कागद करायचाय. त्या मला विचारत होत्या, अर्ज कुणाच्या नावानं करायचा. मी सांगायला लागले, तर अक्का मध्ये पडल्या. त्यांनी विचारलं, तुमच्यात पोहायला कुणाला येतं? चौघींनी एकमेकींकडे बघितलं. अक्का उठल्या, कोपऱ्यातले कॅन काढले आणि म्हणाल्या, "उन्हं चढलीत. चला."

मी चहा ठेवला होता. तो तसाच झाकून ठेवला आणि त्यांच्या मागून निघाले.