रस्ता अक्काच्या ओट्यापाशी का वळतो

रस्ता अक्काच्या ओट्यापाशी का वळतो, हे सगळ्या वस्तीत फक्त दोघांना ठाऊक होतं. एक चावीवाला आणि दुसरी त्याची थोरली बहीण, अक्का. त्यातही आपल्याला काही ठाऊकच नाही असं सोंग अक्काने चाळीस वर्षं इतकं मन लावून वठवलं होतं, की ते तिला स्वतःलाही खरं वाटू लागलं असावं. उरला चावीवाला. त्या वळणावरून जाताना त्याला दर वेळी कुसळ टोचल्यासारखं व्हायचं, आणि बाजाराला जा की दवाखान्यात, वाट तिथूनच होती.

चावीवाला हे त्याचं कामावरून पडलेलं नाव. वस्ती अजून गाव होती तेव्हापासून खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून तो गल्लोगल्ली पाणी सोडत फिरायचा. गाव शहराच्या पोटात गेलं, शेतांमध्ये इमारती उभ्या राहिल्या, गावच्या कचेरीच्या जागी मोटारींचं दुकान आलं, पण जमिनीखालचा बिडाचा पाइप तोच राहिला आणि वर चावीवालाही तोच. छत्तीस वर्षं नोकरी करून तो आता निवृत्त झाला होता. नोकरीच्या काळात त्याने कुणाला एक बादली जास्त दिली नाही की एक बादली कमी. खोटंही तो एकदाच बोलला.

शहराची माणसं मोजणीला आली तेव्हाची गोष्ट. बैलगाडीची वाट सरळ आणि रुंद करायची होती, आणि सरळ रेषा मारली की ती अक्काचा ओटा आणि पुढची खोली घेऊन जात होती. त्याच खोलीत शिलाई मशीन टाकून अक्काने तीन पोरी वाढवल्या होत्या. आदल्या संध्याकाळी तिने भावाला बोलावून घेतलं, जेवायला वाढलं आणि म्हणाली, "ते उद्या तुला विचारतील, मोठा पाइप कुठून जातो. माझ्या खोलीखालून जातो म्हणून सांग." पाइपचा कागद गावच्या कचेरीत कधी नव्हताच, सगळं चावीवाल्याच्या डोक्यात. त्याने सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मोठ्या पाइपाला हात लावायचं जिवावर आल्याने त्यांनी रेषा समोर सरकवली, आणि समोरच्या लोहाराचं अर्धं दुकान रस्त्यात गेलं. उरलेल्या अर्ध्यात लोहार अजून बसतो. घण उचलला की त्याचं कोपर रस्त्यावर येतं आणि रिक्षावाले शिव्या देतात.

एवढ्यावर भागलं असतं तरी चावीवाल्याने मिठाची गुळणी धरून दिवस काढले असते. पण नव्या इमारतीत राहायला आलेल्या एका निवृत्त मास्तरांनी वस्तीचा इतिहास लिहायला घेतला आणि ते त्या वळणाच्या मागे लागले.

"इथे पूर्वी ओढा होता ना?" मास्तरांनी वही उघडून विचारलं.

"नव्हता."

"फार पूर्वी?"

"फार पूर्वी मी नव्हतो."

महिन्याभराने पुस्तिका निघाली. त्यात छापलं होतं : 'हे वळण प्राचीन ओढ्याच्या पात्राचे असून, जाणकार वृद्धांनी ही शक्यता नाकारलेली नाही.' चावीवाल्याने कपाळावर हात मारला. लोहाराने मात्र ते पान कापून दुकानात चिकटवलं. माझं दुकान ओढ्याने नेलं, असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला.

आणि मग पाइप फुटला. दोन दिवस नळांना आधी गढूळ आणि मग काहीच येईना. कचेरीतून इंजिनीअर मॅडम आल्या. वयाने चावीवाल्याच्या सुनेएवढ्या, डोक्यावर पिवळी टोपी आणि हातात नकाशा. पाणी वर कुठे दिसत नव्हतं, म्हणजे ते खालच्या खाली मुरत होतं. मॅडमनी नकाशा पाहिला, अक्काचं घर पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, उद्या सकाळी ही खोली रिकामी करा. ओटा आणि फरशी फोडावी लागेल. पाइप खालीच आहे."

चावीवाला तडक अक्काकडे गेला. ती मशीनवर परकराला नाडीची पट्टी लावत होती.

"अक्का, मी त्यांना खरं सांगून टाकतो."

"काय खरं?"

"पाइप इथे नाही म्हणून!"

"मग इथे आहे असं कोण म्हणालं?"

"मी म्हणालो! तूच म्हणायला लावलंस!"

"मी? मला पाइपातलं काय कळतं? लहानपणापासून सवय आहे तुला. दही तू खायचास आणि नाव माझं सांगायचास."

चावीवाल्याला वाटलं, समोरच्या भिंतीवर डोकं आपटावं. त्याने आवाज खाली आणला. "अगं, उद्या ते फरशी फोडतील. काही सापडणार नाही. मग शेजारची खोली फोडतील."

"फोडू दे," अक्का पाय न थांबवता म्हणाली. "फरशी गेली तर फरशी जाईल. पाइप इथे नाही कळलं, तर रस्त्याची रेषा पुन्हा सरळ करतील आणि घरच जाईल. एवढी साधी गोष्ट तुला कळत नाही?"

"म्हणजे तुला सगळं आठवतंय!"

अक्काने दातांनी दोरा तोडला. "चहा टाकला असता, पण पाणी नाही. त्याचं काय ते बघ. चावीवाला तू का मी?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. खरं बोलावं तर बहिणीचं घर जाणार. न बोलावं तरी तिची खोली फुटणार, गल्ली तहानलेली राहणार आणि लोहाराचं कोपर रस्त्यावरच राहणार. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. बायको म्हणाली, "एक तर झोपा, नाही तर बाहेर जा."

सकाळी मजुरांनी शिलाई मशीन उचलून रस्त्याकडेला ठेवलं. अख्खी गल्ली बादल्या घेऊन जमली होती, लोहारही होता. एकाने ओट्याच्या पहिल्या पायरीवर पहार टेकवली, आणि चावीवाल्याला कळायच्या आधीच त्याच्या तोंडून शब्द निघाला.

"थांबा! पाइप इथे नाही."

"काका, नकाशात स्पष्ट आहे," मॅडम म्हणाल्या.

"नकाशात मीच घातलाय तो. खोटा आहे."

मॅडमनी टोपी मागे सरकवली. "मग खरा कुठे आहे?"

त्याने घरून आणलेली सळई काढली. वरच्या चौकातली चावी दहा मिनिटं उघडायला लावली. मग तो रस्त्याच्या मधोमध गुडघे टेकून बसला, सळईचं एक टोक डांबरावर आणि दुसरं कानाला. दोन मोटारी खोळंबल्या, एकाने हॉर्न दिला. लोहार त्याच्यावर खेकसला, "कान लावलाय दिसत नाही का? तुझ्या घरी आलंय वाटतं पाणी!" चावीवाला सरकत सरकत लोहाराच्या उंबऱ्यापासून तीन पावलांवर थांबला आणि सळई मॅडमच्या हातात दिली. त्यांनी ऐकलं. खाली सूं सूं चाललं होतं.

"इथे खणा," मॅडम मजुरांना म्हणाल्या आणि चावीवाल्याकडे वळल्या. "आता मला सांगा, नकाशात तिकडे कसा गेला?"

लोहारही बादली खाली ठेवून जवळ आला. चावीवाल्याने त्या बादलीत डोकावून पाहिलं. प्यावं तर तीही कोरडी. "रस्ता अक्काच्या घरावरून जात होता," तो म्हणाला. "मी पाइपाचं खोटं सांगितलं. म्हणून तो वळला. वळला तो याच्या दुकानावर."

लोहाराने आधी आपल्या दुकानाकडे पाहिलं, मग ओट्याकडे. "ओढा नव्हता?"

"ओढा कुठला!"

"चाळीस वर्षं माझ्याकडून कोयते पाजवून नेतोस, आणि..." लोहार एक पाऊल पुढे आला.

"त्याच्यावर कशाला धावतोस?" ओट्यावरून अक्का ओरडली. "मी सांगितलं त्याला तसं. त्याची काय टाप आहे स्वतःहून खोटं बोलायची?"

चावीवाल्याने डोळे मिटले. इतक्या वर्षांनी कबूल केलं, तेही त्याचाच पाणउतारा करून.

लोहार आता अक्काकडे वळला. त्याचा आवाज चढला. "मग मला का नाही सांगितलंस? मीही म्हणालो असतो, माझ्या दुकानाखालून पण पाइप जातो! दोघांनी सांगितलं असतं तर रस्ता मागच्या शेतातून गेला असता!"

"तुला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"माझ्या तोंडात?"

"आजी," मॅडम मध्येच म्हणाल्या, "रस्ता सरळ करायची ती फाइल मी नोकरीला लागण्याआधीच बंद झालीय. तुमच्या घराला कुणी हात लावत नाही."

"कधी बंद झाली?" चावीवाल्याने विचारलं.

"वीस-बावीस वर्षं झाली असतील."

चावीवाला डांबरावरच बसला. वीस वर्षं! एकदा कचेरीत जाऊन विचारलं असतं, तर त्यातली निम्मी झोप तरी लागली असती.

खड्डा कमरेएवढा झाला आणि तळाशी काळा बिडाचा पाइप दिसला. जोडाशी चीर पडली होती. लोकांनी बादल्या सरसावल्या. मॅडम नकाशावर लाल पेनाने खूण करू लागल्या. पण अक्का आणि लोहार यांचं अजून संपलं नव्हतं.

"नऊ फूट गेलं तुझं. उगाच अकरा-अकरा करत असतोस," अक्का म्हणत होती.

"अकरा! उंबऱ्यापासून अकरा!"

"मोज की मग."

लोहाराने मॅडमच्या पिशवीतली टेप न विचारताच उचलली, तिचं टोक चावीवाल्याच्या हातात कोंबलं आणि म्हणाला, "धर. जुना उंबरा कुठे होता, ते तरी खरं सांग."

चावीवाला टेप धरून चिखलात उतरला. पाठीमागून अक्काचा आवाज आला, "नीट धर, वाकडी धरतोयस!"